महिला कबड्डी विश्वचषक: पाटणा २०१२ ते ढाका २०२५, मधली तेरा वर्षं कुठे गेली?

निदानरेषा
आंतरराष्ट्रीय कबड्डी महासंघाचा महिला विश्वचषक आजवर दोनदाच झालाय. पहिला पाटण्याला, १ ते ४ मार्च २०१२. दुसरा ढाक्याला, १७ ते २४ नोव्हेंबर २०२५. दोन्ही आपण जिंकले. बातम्या एवढं सांगून फटाके फोडून मोकळ्या होतात. मला मधल्या काळाबद्दल बोलायचंय, कारण खरा इतिहास तिथे घडला आणि तो विश्वचषकाबाहेर घडला.

आधी थोडं मागचं. पुरुषांचा विश्वचषक २००४ मध्ये मुंबईत सुरू झाला, मग २००७ ला पनवेल, मग २०१६ ला अहमदाबाद. तिन्ही अंतिम सामन्यांत समोर इराण. बायकांना पहिली संधी मिळाली ती २०१२ मध्ये. बिहार सरकारने पुढाकार घेतला, पाटण्याच्या पाटलीपुत्र क्रीडा संकुलात १६ देश आले आणि चार दिवसांत सगळं उरकलं. कर्नाटकची ममता पुजारी कर्णधार. अंतिम फेरीत आपण इराणला २५-१९ हरवलं.

त्या २५-१९ कडे पुन्हा एकदा बघा. फरक फक्त सहा गुणांचा. एक लोण (समोरचा अख्खा संघ बाद केल्याचे जादा गुण) आणि दोन-तीन पकडी इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर पहिल्याच विश्वचषकावर दुसऱ्याचं नाव लागलं असतं. पुरुषांनी २००४ ला इराणला ५५-२७ असं धुतलं होतं. मुलींना पहिल्या दिवसापासून असं सोपं मैदान मिळालंच नाही.

पुढचा विश्वचषक तेरा वर्षं झाला नाही, त्यामुळे खेळाचं खरं माप आशियाई क्रीडा स्पर्धेत निघत राहिलं. तिथे महिला कबड्डी २०१० ला ग्वांगझूमध्ये आली (पुरुषांची १९९० पासून आहे). अंतिम सामन्यांचे आकडे ओळीने वाचा:
२०१०, थायलंडविरुद्ध २८-१४.
२०१४, इराणविरुद्ध ३१-२१.
२०१८, इराणविरुद्ध २४-२७. हरलो.
२०२३, चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवान) २६-२५.

चौदा गुण, दहा गुण, उणे तीन, एक. आणि या सगळ्या काळात ‘विश्वविजेते’ ही पदवी आपल्याकडेच होती, कारण ती काढून घ्यायला स्पर्धाच भरत नव्हती. माझं म्हणणं एवढंच आहे. मतं येऊ द्या.

दादरकर
छान धागा. पाटण्याच्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या हे राहिलं: सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे. राज्य सरकारने तिघींना प्रत्येकी १ कोटी जाहीर केले तेव्हा आमच्या वाडीतल्या मंडळात पेढे वाटले होते. कबड्डी खेळणाऱ्या मुलीला कोटीत बक्षीस, हे ऐकायलाच नवीन होतं. अभिलाषाला पुढे अर्जुन पुरस्कारही मिळाला.

पण एक शंका आहे. दोनच विश्वचषक कसे? पंजाबात तर दर वर्षी व्हायचे ना? टीव्हीवर पाहिलेत मी, मुलींचेसुद्धा.

खडूची_रेघ
@दादरकर, तो खेळ वेगळा. पंजाबातला विश्वचषक वर्तुळाकार मैदानावरच्या कबड्डीचा. तिथे चढाई करणाऱ्याला एकच बचावपटू अडवतो, हात धरून केलेली साखळी नाही, लोण नाही. महिलांचा गट त्यात २०११ ला आला आणि भारताने इंग्लंडला हरवलं, २०१२ ला मलेशियाला, २०१३ आणि २०१४ ला न्यूझीलंडला. हा धागा आयताकृती मैदानावरच्या कबड्डीचा आहे, आपल्याकडे शाळेच्या मैदानावर चुन्याने आखतात ती.

गुंता एवढ्यावरही थांबत नाही. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये, वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅम, कॉव्हेंट्री आणि वॉल्सॉल इथे, आणखी एक ‘विश्वचषक’ झाला. तो वेगळ्या संघटनेचा. तिथेही भारताच्या महिलांनी इंग्लंडला हरवून जेतेपद घेतलं. त्यामुळे २०२५ मध्ये भारत दोन वेळा ‘विश्वविजेता’ झाला, दोन वेगवेगळ्या संघांसह. नवख्या वाचकाने डोकं धरून बसावं अशीच परिस्थिती आहे.

शुभदा_नाशिक
२०१८ च्या पराभवाची गोष्ट नाशिकशिवाय पूर्ण होत नाही, म्हणून लिहिते.

इराणच्या मुलींची प्रशिक्षक होती आमच्या नाशिकची. शैलजा जैन. राज्याच्या क्रीडा खात्यात आयुष्य घालवलं, शेकडो मुली घडवल्या. भारताच्या संघाला प्रशिक्षण द्यावं ही त्यांची इच्छा होती, त्यांनी ती जाहीरपणे बोलूनही दाखवली होती. ती संधी आली नाही, इराणचं बोलावणं आलं. मॅडम गेल्या. तिथे फारसी शिकल्या, कारण दुभाष्याकडून चढाई शिकवता येत नाही. मुलींना सकाळी योगासनं आणि प्राणायाम सुरू केला. शाकाहारी बाई, तेहरानमध्ये स्वतःचं स्वतः रांधून खायच्या.

२४ ऑगस्ट २०१८, जकार्ता. आदल्याच दिवशी इराणच्या पुरुषांनी आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत हरवलं होतं, १९९० पासूनची सुवर्णपदकांची ओळ तिथे तुटली. मुलींच्या सामन्यात मध्यंतराला आपण १३-११ ने पुढे होतो. दुसऱ्या सत्रात इराणने सामना फिरवला. टीव्हीसमोर बसून काय वाटायला हवं तेच कळेना. हरलो म्हणून वाईट वाटत होतं आणि कॅमेरा मॅडमकडे वळला की ऊर भरून येत होता.

तेव्हा काही लोकांनी त्यांना ‘फितूर’ म्हटलं. शरम वाटली पाहिजे. क्रिकेटमध्ये परदेशी प्रशिक्षक आले की आपण हार घालतो, आपली बाई बाहेर गेली की फितूर?

दम_घुमव
शुभदाताई, शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के सहमत.

पण धागाकर्त्याशी नाही. अहो, २६-२५ ने जिंकलं तरी सुवर्ण ते सुवर्णच. एका गुणाचा फरक म्हणजे घसरण, हे गणित माझ्या पचनी पडत नाही. समोरचा संघ सुधारला तर खेळ वाढला असं म्हणायचं की आपण घसरलो असं? ऑलिंपिकमध्ये जायचं स्वप्न बघायचं आणि दुसऱ्यांनी मात्र ५० गुणांनी हरावं अशी अपेक्षा ठेवायची. दोन्ही कसं जमेल?

निदानरेषा
@दम_घुमव, घसरण हा शब्द मी वापरलेलाच नाही. अंतर कमी झालं म्हणतोय, आणि ते चांगलंच झालं म्हणतोय. माझी तक्रार वेगळी आहे. अंतर कमी होत असताना विश्वचषक भरला असता तर २०१५-१६ च्या सुमारास इराण, २०१९-२० च्या सुमारास तैपेई अशा लढती जगाने पाहिल्या असत्या. एका अख्ख्या पिढीची कारकीर्द दोन विश्वचषकांच्या मधल्या खड्ड्यात गेली. २०१२ नंतर संघात आलेली आणि २०२५ च्या आत निवृत्त झालेली प्रत्येक मुलगी विश्वचषक न खेळताच थांबली.

तात्या_मैदानवाले
तालमीतल्या मुलींना बरीच वर्षं शिकवतो आहे, त्यामुळे मैदानावरचं थोडं लिहितो. फरक कमी का असतो, याचं अर्धं उत्तर मापात आहे.

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. दोन्ही बाजूंची एकेक मीटरची लॉबी सोडा. स्पर्श होईपर्यंत ती वापरता येत नाही. म्हणजे मुलींकडे रुंदी उरली सहा मीटर, आणि त्यात समोर सात जणी. मुलांना आठ मीटर मिळतात. मुलींची निदान रेषा (चढाईत निदान एवढी तरी ओलांडावीच लागते ती) मध्यरेषेपासून तीन मीटरवर, बोनस रेषा (जादा गुणाची) तिच्यापुढे एक मीटर. बोनस ओलांडला की मागे अंगण उरतं दोन मीटरचं. आता डोळ्यासमोर आणा: चढाईपटू उजवा पाय बोनस रेषेपलीकडे टाकते, डावा पाय हवेत, नजर मध्यरक्षकावर. तेवढ्यात डाव्या कोपऱ्यातली खाली बसते आणि घोटा धरते. घोटा धरणं सोपं, धरून ठेवणं अवघड. दोन्ही हात घट्ट, हनुवटी छातीला, आणि वजन मागे टाकायचं. पुढे झुकलीस तर ती तुला घेऊन मध्यरेषेपर्यंत जाते. शेजारची साखळी अर्धा सेकंद उशिरा आली तर गुण गेला. रुंदी कमी असल्यामुळे ही शेजारची मुलांपेक्षा एक पाऊल जवळ असते. त्यामुळे चांगला बचाव असलेला संघ, आक्रमण साधारण असलं तरी, सामना २५ गुणांच्या आत बांधून ठेवू शकतो. इराणने हेच केलं. तैपेईच्या मुली त्याला पळण्याची जोड देतात, त्यांचे पाय फार हलके आहेत.

शिवाय वेळ. मुलांचं सत्र २० मिनिटांचं, मुलींचं १५. दहा मिनिटांत दोन लोण सहज चढतात, तेवढा वेळच कमी मिळतो. उशिरा जाग आलेल्या संघाला मुलींच्या कबड्डीत माफी नाही.

आमच्या मुलींची अडचण मॅटची. जिल्ह्यापर्यंत मातीवर खेळायचं, राज्याला अचानक मॅटवर. मातीत अनवाणी पाय रुततो, मॅटवर बूट चिकटतो. गुडघा तिथेच जातो. एका मुलीचा गेला, लग्न ठरवणाऱ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. असो.

मीनल_कऱ्हाड
तात्या, हे ‘असो’ फार बोललं.

खेळाडू म्हणून एक भर घालते. टीव्हीवर पुरुषांची प्रो कबड्डी लीग २०१४ पासून आहे, त्यामुळे मुलांना वर्षाकाठी परदेशी चढाईपटूंविरुद्ध खेळायला मिळतं. मुलींसाठी २०१६ मध्ये त्याच लीगच्या जोडीला तीन संघांची छोटी स्पर्धा घेतली होती. फायर बर्ड्सची कर्णधार ममता पुजारी, आइस दीवाजची अभिलाषा म्हात्रे, स्टॉर्म क्वीन्सची तेजस्विनी बाई. अंतिम सामना हैदराबादला, स्टॉर्म क्वीन्सने २४-२३ असा जिंकला. शेवटच्या क्षणापर्यंत जीव टांगणीला! आम्ही वसतिगृहात ओरडून ओरडून घसा बसवला. पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

म्हणजे नुसता विश्वचषक नव्हता असं नाही, वर्षभर खेळायलाही काही नव्हतं. रेल्वेत नोकरी लागली तर रेल्वेकडून खेळायचं, नाहीतर राष्ट्रीय स्पर्धेची वाट बघायची.

राइनकाठ
जर्मनीत राहतो, म्हणून एक अवांतर वाटेल असं समांतर उदाहरण. इथे फिस्टबॉल नावाचा खेळ आहे. ५० बाय २० मीटरचं गवताचं मैदान, मधोमध ताणलेली पट्टी, पाच-पाच जणांचे संघ, चेंडू मुठीने किंवा बाहूने मारायचा, प्रत्येक स्पर्शाआधी एक टप्पा चालतो. बायकांसाठी पट्टी दहा सेंटिमीटर खाली, १.९० मीटरवर. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, ब्राझील, संपली यादी. कबड्डीसारखीच एका पट्ट्यात रुजलेली गोष्ट.

पुरुषांचं जागतिक अजिंक्यपद १९६८ पासून, महिलांचं १९९४ पासून. सव्वीस वर्षं मागे! वर्ल्ड गेम्समध्ये (ऑलिंपिकबाहेरच्या खेळांची जागतिक स्पर्धा) पुरुष १९८५ पासून खेळतात, बायकांना २०२२ ला बर्मिंगहॅम, अलाबामा इथे प्रवेश मिळाला. मात्र एकदा सुरू झाल्यावर इथे महिलांची स्पर्धा नियमित भरत राहिली. कबड्डीत महिलांना फक्त आठ वर्षं उशीर झाला होता, तसं बघितलं तर फारच लवकर. नंतरची तेरा वर्षं मात्र मला या फिस्टबॉलवाल्यांना समजावून सांगता येत नाहीत.

कज्जेदलाल
@राइनकाठ, मी समजावून सांगतो, ते काम वकिलांचंच आहे.

भारतीय हौशी कबड्डी महासंघ वर्षानुवर्षं एकाच घराण्याच्या हातात होता. जनार्दनसिंह गेहलोत आधी इथले अध्यक्ष, नंतर आंतरराष्ट्रीय महासंघाचे, आणि इथलं अध्यक्षपद त्यांच्या पत्नीकडे. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही व्यवस्था मोडीत काढली आणि महासंघावर प्रशासक आला. त्याच वर्षी एक भन्नाट प्रकार झाला. आशियाई स्पर्धेसाठी निवड नीट झाली नाही अशी माजी खेळाडूंची याचिका होती. न्यायालयाने सांगितलं, खेळूनच दाखवा. १५ सप्टेंबर २०१८ ला दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये जकार्ताहून आलेला संघ विरुद्ध बाहेर राहिलेले खेळाडू, असा सामना ठेवला. पुरुषांचाही, महिलांचाही. जकार्ताचा संघ मैदानात आलाच नाही. न्यायालयाच्या आदेशावर सामना आणि प्रतिस्पर्धी गैरहजर, असं दुसऱ्या कुठल्या खेळात झाल्याचं मला तरी ठाऊक नाही.

पुढे आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय महासंघालाच निलंबित केलं, निवडून आलेली समिती कामावर नाही म्हणून. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारभार निवडून आलेल्यांकडे द्यायला सांगितलं, तेही तातडीने, कारण इराणमधल्या महिला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेला संघ जाणं अडलं होतं. संघ गेला आणि तेहरानमध्ये इराणला ३२-२५ हरवून आला. कर्णधार मुंबईची सोनाली शिंगटे.

म्हणजे तेरापैकी निम्मी वर्षं कोर्टाच्या तारखांत गेली. उरलेल्या निम्म्यांचा हिशेब मात्र कोर्टातही मिळणार नाही. २०१२ ते २०१८ या काळात महासंघ धडधाकट होता, पैसा होता, २०१६ ला पुरुषांचा विश्वचषक अहमदाबादला झोकात झाला. महिलांचा का नाही, हे तेव्हा कुणी विचारलंच नाही.

दम_घुमव
कज्जेदलाल यांच्या शेवटच्या परिच्छेदानंतर माझा धागाकर्त्याशी वाद निम्मा संपला. उरलेला निम्मा चालू ठेवतो: ढाक्याबद्दल कुणी काहीच लिहिलं नाही की!

निदानरेषा
लिहितो. ही स्पर्धा आधी बिहारमध्येच राजगीरला व्हायची होती. फिरत फिरत ढाक्याला गेली. मीरपूरचं शहीद सुहरावर्दी इनडोअर स्टेडियम. योगायोग बघा, १७ नोव्हेंबरला स्पर्धा सुरू झाली आणि त्याच दिवशी त्याच शहरात शेख हसीना यांना न्यायाधिकरणाने फाशीची शिक्षा सुनावली. बाहेर बंदोबस्त, आत कबड्डी.

देश अकरा. पाटण्याला सोळा होते, म्हणजे आकडा घटला. पण यादी वाचा: केनिया, युगांडा, झांझिबार, पोलंड, जर्मनी. उपांत्य फेरीत आपण इराणला ३३-२१ हरवलं, दुसरीकडे तैपेईने यजमान बांगलादेशला. अंतिम सामना तैपेईशी, ३५-२८. छत्तीसगडच्या संजू देवीच्या चढायांनी तो आपल्या बाजूला खेचला. कर्णधार रितू नेगी, जी हांगझोऊच्या २६-२५ च्या वेळीही कर्णधार होती. प्रशिक्षक तेजस्विनी बाई, म्हणजे मीनलने लिहिलेल्या स्टॉर्म क्वीन्सची कर्णधार, आणि २०१० व २०१४ च्या आशियाई सुवर्णपदकांच्या संघातली. संघात आपली सोनाली शिंगटे होतीच.

तात्यांना विचारायचं होतं, हांगझोऊला साखळी फेरीत तैपेईने आपल्याला ३४-३४ असं बरोबरीत रोखलं होतं. ढाक्यात सात गुणांचं अंतर पडलं ते कशामुळे?

तात्या_मैदानवाले
पाहिला तेवढ्यावरून सांगतो. हांगझोऊला आपल्या मुली तैपेईच्या पळण्यामागे पळत होत्या, कोपरा जागा सोडून पुढे येत होता. ढाक्यात कोपरे बसून राहिले. पळू दे तिला, बोनस घेऊ दे, आत आली की मग बघू. आणि चढाईत एकेका गुणावर न थांबता दोन-तीन जणींना एकदम बाद करायचं. अशा चढाईने समोरचं अंगण रिकामं होतं आणि लोण जवळ येतो. तैपेईच्या मुली पाच-सात जणी असताना उत्तम, तिघी उरल्या की गडबडतात. आपल्या मुलींनी हे हेरलेलं दिसलं.

दादरकर
खडूची_रेघ, आभार, आता डोक्यात उजेड पडला.

जुन्या पिढीचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून सांगतो. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून आहे, कलकत्त्याला सुरू झाली. अर्जुन पुरस्कार मिळालेल्या पुण्याच्या शकुंतला खटावकर वगैरे मंडळी ज्या काळात खेळली, त्या काळात विश्वचषक सोडा, आशियाई स्पर्धेतही कबड्डी नव्हती. त्यांना कोण कुठल्या यादीत बसवणार?

मीनल_कऱ्हाड
दादरकर काका, त्यांच्यावर स्वतंत्र धागा काढा ना. तुम्ही सामने पाहिलेत, आम्ही फक्त नावं ऐकलीत.

आणि सगळ्यांना: सप्टेंबर २०२६ मध्ये आशियाई स्पर्धा जपानला, आइची-नागोयाला. माझा अंदाज, अंतिम सामना पुन्हा तैपेईशी आणि फरक पाच गुणांच्या आत.

शुभदा_नाशिक
मी इराण म्हणते. तेहरानमध्ये घरच्या मैदानावर हरलेत त्या, ढाक्यातही हरल्या. गप्प बसणाऱ्या नाहीत.

दम_घुमव
कुणीही येवो. ५०-१० ने जिंकलो तर धागाकर्ते नाराज होणार, हे मात्र नक्की.